अंगठेबहाद्दर

रामोजीराव माणसाचं तोंड नंतर बघत, अंगठा आधी. रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन मी मद्रासला आलो आणि मैलापुरात त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा माझा नमस्कार त्यांनी हवेतच पकडला, उजवा अंगठा उताणा केला आणि म्हणाले, "भोवरा. शरि, शरि. बसा, तंबी."

हे तंजावरकडचे मराठी, पोलीस खात्यात बोटांचे ठसे ओळखत. त्यांची मराठी जुन्या बखरीतून निघून तमिळ हेल काढत यायची; 'शरि' म्हणजे ठीक, 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ. माणसांची नावं लक्षात राहत नसत, अंगठ्यावरच्या रेघांचे आकार तेवढे राहत. मी 'भोवरा', पोस्टमन म्हणजे 'फास', घरमालक म्हणजे 'साधी कमान', आणि यातलं 'साधी' ते घरमालकाच्या डोक्याला उद्देशून म्हणत. पाहुणा फाटकाबाहेर पडायच्या आत त्याचा पेला हे खिडकीशी उजेडात धरत. लग्न केलेलं नव्हतं. घर थोरली बहीण, अक्का, सांभाळायची. ती लहानपणीच विधवा झालेली. बोलायची फार कमी.

एकदा घरमालकीणबाईंचा चांदीचा कुंकवाचा करंडा नाहीसा झाला. आळ अर्थातच मोलकरीण मुनियम्मावर. बाई तिला चौकीवर न्यायला निघाल्या. रामोजीरावांना तर सणच. "माणूस खोटं बोलेल, घाम बोलणार नाही," म्हणत त्यांनी करंड्याच्या जागेमागच्या आरशावर करडी पूड ब्रशनं फिरवली. अंगठ्याचा एक ठसा स्वच्छ उमटला. मग घरातल्या, भाडेकऱ्यांसकट, झाडून सगळ्यांच्या बोटांना शाई फासून कागदावर ठसे घेतले. घरमालक कुरकुरला, तर "कमानीनं गप्प बसावं" असं ऐकून घ्यावं लागलं.

ते मला समजावत होते. रेघा आईच्या पोटातच बनतात, मरेपर्यंत बदलत नाहीत. रेघ कुठं तुटते, कुठं फाटा फुटतो, ते जुळवायचं. मुनियम्माचा कागद पाहून त्यांनी बाजूला टाकला. "ही नव्हे."

मग अक्काचा कागद आला. तिच्या अंगठ्यावर विळीचा जुना आडवा घाव होता. कागदावर तो मलाही दिसला, आरशावरही दिसला. रामोजीरावांच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. दारात उभ्या अक्कानं हात पदराखाली घेतले.

रामोजीरावांनी धोतराच्या सोग्यानं आरसा लख्ख पुसला.

"ठसा माझाच," ते म्हणाले. "करंडा मीच नेला. मौज बघावी म्हणून."

बाईंनी त्यांना दोन भाषांत झोडपलं. मुनियम्मानं तिसऱ्यांदा तमिळमध्ये झोडपलं, आणि तिचा हक्कच होता. संध्याकाळी करंडा मुकाट्यानं परत गेला.

त्या शुक्रवारी ते मला देवळापुढच्या बाजारात घेऊन गेले. चांदीचा लहानसा करंडा आणि कुंकवाची पुडी घेतली. घरी आल्यावर दोन्ही चुलीपाशी बसलेल्या अक्कापुढे ठेवली. तिनं हात लावला नाही.

"तुझं कपाळ पुसून तुला घरी आणलं, तेव्हा मी रडत होतो," रामोजीराव म्हणाले. "तुला वाटलं, भूक लागली म्हणून."

अक्का करंडा उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. चुलीवर सांबार उतू चाललं होतं. रामोजीराव उठले, पळी शोधू लागले. ती कुठं असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.