बाण लावायचा राहिला

सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये त्यांचं नवं धनुष्य सरावाच्या स्पंजच्या हरणासमोर कानापर्यंत ताणून उभं राहिल्यावर ड्वेनच्या लक्षात आलं, की आपण बाणच लावलेला नाही.

सासरे व्हर्लिन यंदा गुडघ्यांमुळे हरणाच्या शिकारीला झाडावर चढणार नव्हते. ओकच्या टेकाडावरचं त्यांचं मचाण कुणाला द्यायचं, ते आज ठरणार होतं, आणि अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये ड्वेनला दुसरं काही नको होतं. "चालवून बघ, कसं वाटतं सांग," म्हणून ते कॉफी आणायला आत गेले, तेवढ्यात यानं पान्यानं धनुष्याचा ताण चांगला वाढवून ठेवला. जावई लेचापेचा नाही, हे कळू दे!

या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात. पूर्ण ताणलं की भार हलका होतो, पण दोरी परत सैल सोडताना सगळा भार एकदम अंगावर येतो आणि खांदा निखळायची वेळ येते. बाणाशिवाय दोरी सोडली तर धनुष्याच्या ठिकऱ्या होतात. तिथल्या शिकाऱ्यांत माणूस बायकोचा वाढदिवस विसरलेला चालतो, हे चालत नाही.

"कसं वाटतंय?" मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"लोण्यासारखं!"

"मग मार की. ते स्पंजचं हरीण म्हातारं व्हायची वाट बघतोयस?"

"वारा बघतोय, व्हर्लिन."

"गॅरेजात?" सासरे कॉफीचा घोट घेत म्हणाले. "बरं, बघ. माझा चष्मा आत राहिलाय. कुठं लागला ते तूच सांग."

ड्वेननं दोरी तशीच ताणून धरली. नाकावरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात कुठला मोकळा? धनुष्य जाणार, मचाण जाणार आणि दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीबरोबर हाच किस्सा वाढला जाणार. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

एवढ्यात त्याची बायको कॅरिन कांद्याचे हात पुसत आली. एका नजरेत तिला सगळं कळलं. भात्यातून बाण काढून ती त्याच्याजवळ सरकली.

"हलू नकोस, गाढवा," ती पुटपुटली आणि तिनं बाण दोरीत अडकवला.

ती बाजूला होताच ड्वेननं दोरी सोडायचा खटका दाबला. बाण थेट हरणाच्या छातीत!

"वा! मधोमध!" सासरे म्हणाले.

ड्वेनची छाती फुगली. मग तो चपापला. "चष्म्याशिवाय दिसलं तुम्हाला?"

"चष्मा वाचायला लागतो रे. लांबचं झकास दिसतं. बाण कुणी लावला, तेही दिसलं."

मचाणावर कमरेला बांधायचा पट्टा त्यांनी खुंटीवरून काढला आणि लेकीच्या हातात दिला.

शनिवारी कॅरिन पहाटेच टेकाडावर गेली. ड्वेन घरी पॅनकेक उलटत होता. शेजारी कुंपणावरून डोकावला.

"सासऱ्यांचं नवं धनुष्य चालवलंस म्हणे. कसं आहे?"

"ताणायला उत्तम," ड्वेन म्हणाला. "सोडायला मात्र बायको लागते."