कुकरमधला मोबाइल

शेवडेकाकांच्या घरी चपला दाराबाहेर आणि मोबाइल कुकरमध्ये ठेवावा लागतो. पाच लिटरचा कुकर हॉलमध्ये टीपॉयवरच असतो. सगळ्यांचे फोन आत गेले की काका स्वतः झाकण लावतात, वर शिट्टी बसवतात आणि मगच जर्मन ढंगात "आल्झो, चला, बसा" म्हणतात.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये पंचवीस वर्षं इंजिनिअर आहेत. मोबाइलच्या लहरींनी मेंदू बिघडतो, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलंय.

"काका, तसं सिद्ध झालेलं नाही," मी एकदा म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण बिघडत नाही, हे तरी कुठे सिद्ध झालंय?"

मेंदू त्यांचा, कुकर त्यांचा.

बोलायची वेळ आलीच, तर ते फोन लाकडी उलथन्याला रबराने बांधून हातभर लांब धरतात आणि स्पीकरवर ओरडतात. त्यामुळे त्यांच्या दातांची आणि टॅक्सची बित्तंबातमी आख्ख्या जिन्याला असते. एकदा मी खोडी काढली. त्यांचा फोन कुकरमध्ये असताना खिशात लपवलेल्या माझ्या फोनवरून लावून पाहिला. कुकर खणखणीत वाजला.

"हिने शिट्टी काढलीय. लहरी तिथून शिरल्या," काका शांतपणे म्हणाले.

"अहो, मग मी भात कशात लावू?" आतून काकू.

गेल्या रविवारी डबा परत द्यायला गेले. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. खिडकीशी काका उभे होते. फोन चक्क कानाला, गालात रुतेल इतका घट्ट. मी बघतच राहिले.

"सांगलीला, आईंना," काकू कुजबुजल्या. "हल्ली त्या माणसं विसरतात. स्पीकरवर यांचा आवाज घुमतो, त्यांना परका वाटतो. मध्ये त्यांनी राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला. हे दिवसभर जेवले नाहीत. तेव्हापासून रोज असंच, अर्धा अर्धा तास."

"आई, मी सुधीर. तुझा सुधीर," काका चौथ्यांदा सांगत होते. मग पलीकडचं ऐकू लागले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हो गं, जेवलो. हो, स्वेटर घातलाय."

"आज लवकर ओळखलं," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले.

जुलै महिना, बाहेर रणरणतं ऊन. काकांनी खूण केली, तशी काकूंनी कपाटातून स्वेटर आणला. काकांनी तो तिथेच चढवला. बाह्या घालताना फोन या कानावरून त्या कानावर गेला, पण कानापासून हलला नाही.