बटणावरचं टोपण

सकाळी साडेसहाला सुभेदार लालासाहेबांनी नेहमीसारखा हुकूम सोडला, "शर्ट काढ." आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच भूपालअण्णा म्हणाले, "आज नगं. थंडी हाय."

सुभेदार म्हणजे अण्णांचे शेजारी. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती, पण ही गोष्ट फक्त सरकारला माहीत होती. अण्णा आणि ते लहानपणापासूनचे सोबती. दिवाळीच्या आधी अण्णांच्या फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा इस्लामपूरजवळच्या त्या गावात अण्णांइतकं कुणी हादरलं असेल तर ते सुभेदारच.

सांगलीच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी तेव्हा दोघांना आणि अण्णांच्या बायकोला, प्रभावतीकाकूंना, समोर बसवून सगळं समजावलं होतं.

"अण्णा, आपल्या रक्तात शिपाई असतात. प्रत्येक शिपायाच्या अंगावर एक बटण असतं. ते दाबलं की शिपाई गप खाली बसतो. ते असावंच लागतं, नाहीतर शिपाई घरच्यांनाच झोडपतील. पण तुमची गाठ लबाड. शिपाई जवळ आला की ती ते बटण दाबते. हे औषध म्हणजे अँटिबॉडी. ती जाऊन बटणावर टोपणासारखी बसते. मग गाठीला दाबू दे की किती दाबायचं ते."

अण्णा पडले जैन. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कुणाला मारत न्हाई न्हवं?"

"औषध नाही मारत. शिपाई मारतात."

हे पटायला अण्णांना अर्धा तास लागला. सुभेदारांना अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांची छाती तिथल्या तिथं दोन इंच वाढली.

"पण एक लक्षात ठेवा," डॉक्टरांनी बजावलं, "टोपण बसलं की कधीकधी शिपाई खवळतात आणि आपल्याच अंगाला भिडतात. पुरळ, जुलाब, नवा खोकला, दम, काहीही दिसलं की लगेच फोन. मग औषध थांबवून शिपायांना खाली बसवायच्या गोळ्या द्याव्या लागतात."

झालं. दुसऱ्या दिवसापासून सुभेदारांनी अण्णांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. जीभ दाखव, श्वास ओढ, पाठ फिरव. दुपारीसुद्धा ते अण्णांच्या घरापुढच्या सोप्यावर पहारा द्यायचे. एक ते चार या वेळात हा पहारा घोरून दिला जाई, एवढंच.

काकूंनी वेगळाच बंदोबस्त केला होता. अण्णांना बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेऊन देवापुढं नियम घ्यायला लावला होता, "उपचार संपेपर्यंत आपल्या रानात पाय ठेवणार न्हाई." रानाशिवाय अण्णांना करमत नसे. पण त्यांनी नियम पाळला, तीन डोस झाले आणि गाठ चक्क निम्मी झाली. त्या दिवशी काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. आज चौथा डोस होता.

आणि काल दुपारी, पहारा जोरात घोरत असताना, अण्णा उसाच्या फडात दोन तास मोळ्या बांधून आले होते. उसाच्या पाल्याची बारीक कूस, म्हणजे काट्यासारखी लव, अंगात शिरली की काय होतं ते या भागात कुणाला सांगायला नको. हात आणि मान लालभडक झाली होती, आणि खाज अशी की देवा रे.

"थंडी आमाला पण हाय. काढ," म्हणून सुभेदारांनी मफलर ओढलाच. मान दिसली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वैनी, गाडी काढतोय. शिपाय खवळल्यात."

"आवं, काय खाल्लं तुमी?" काकू हातातलं काम टाकून धावत आल्या.

"काय न्हाई गं. हुईल कमी," अण्णा पुटपुटले. खरं सांगावं तर काकू समोर उभ्या, आणि मधे नियम.

सुभेदारांनी डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, बंड झालंय. मानेपर्यंत आल्यात." मग गाडी सुटली. आष्ट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता. सुभेदार खाली उतरून हातवारे करत सगळे ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लागले. "पेशंट सीरियस हाय, सरका." एका ड्रायव्हरनं काचेतून वाकून अण्णांना हात जोडले. सीरियस अण्णांनीही त्याला हात जोडले आणि जाता जाता कोपर खाजवून घेतलं.

दवाखान्याच्या दारात व्हीलचेअर तयारच होती. पाच मिनिटांत अण्णा पलंगावर, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा. रक्त तपासायला गेलं.

डॉक्टरांनी मान बघितली, हात बघितले. "पुरळ बरंच आहे. आजचा डोस थांबवते. गोळ्या सुरू करू."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हंजी शिपाय खाली बसवायचं? आन् गाठ?"

"बघू. पण धोका नाही पत्करता येणार."

सिस्टर गोळ्या घेऊन आली. अण्णांनी गोळीकडं बघितलं, मग काकूंकडं बघितलं. दोन्हींत काकूंचीच भीती जास्त वाटत होती. पण काकू पदरानं डोळे पुसत होत्या, आणि ते काही अण्णांना बघवेना.

"थांबा," ते म्हणाले. "शिपायांचा काय दोष न्हाई. ही उसाची कूस हाय. काल दोन तास मोळ्या बांधल्या मी."

डॉक्टरांनी शर्ट वर करून पोट, पाठ पाहिली. बंडीखालचं अंग स्वच्छ होतं; पुरळ होतं ते फक्त उघड्या राहिलेल्या हातांवर आणि मानेवर. मग त्या सावकाश खुर्चीवर बसल्या.

"दोन तास? दम लागला?"

"न्हाई."

"किती वेळा बसलात?"

"एकदा. पानी प्यायला."

"अण्णा, दिवाळीत तुम्ही या दारापासून या पलंगापर्यंत यायला तीनदा थांबला होतात." डॉक्टरांचा आवाज चढला होता, आणि तो रागानं नव्हता. "रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. ठीक असेल तर डोस आजच देऊ. गोळ्या परत न्या, सिस्टर."

सुभेदारांनी टाळीच वाजवली. काकू मात्र हलल्या नाहीत.

"आन् नियम?"

"मोडला न्हाई," अण्णा घाईनं म्हणाले. "नियम आपल्या रानाचा हुता. मी लालासाहेबाच्या रानात गेलतो."

"माझ्या?" सुभेदार टाळी अर्धवट ठेवून उभे राहिले.

"तुझ्या उसाला तोडणीची टोळी आली. टोळीवाला म्हनला, आत्ता रान दावा, न्हाईतर फुडं जातो. तू घोरत हुतास."

"मला वाटलं कारखान्याच्या मानसानं दावलं. आरं, उठवायचं की रं मला."

"तीन महिनं झालं माज्यापायी पळतोयस. म्हनलं झोपू दे. आन् फडात गेल्यावर हात कुठं गप बसत्यात?"

सुभेदार खिडकीशी जाऊन उगाचच बाहेरचं पार्किंग तपासू लागले. बराच वेळ तपासत होते.

रिपोर्ट चांगला आला. सलाईन लागलं, औषध थेंबाथेंबानं आत जाऊ लागलं. काकू पलंगाशेजारी स्टुलावर बसून तासभर ते थेंब मोजत होत्या. अण्णा डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडले होते, कारण ते तोंड उघडण्यापेक्षा बरं होतं.

शेवटी काकूंनी घसा खाकरला.

"सुभेदार, तुमचा ऊस अजून किती ऱ्हायलाय?"

"अर्धा एकर आसंल, वैनी."

"मग परवा ह्यास्नी घिऊन जावा," काकू म्हणाल्या. "फकस्त पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालून."