टर्बो गाडीतील सुधारणांबाबत

खरेदी विभागाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार विकत घेतली आणि तिच्यात कोणताही दोष आढळून आला नाही. सगळ्या अडचणींना सुरुवात इथूनच झाली.

गाडी दोन दारांची, निळी, टर्बोवाली. मागच्या सीटवर दोन माणसं बसू शकतात असं तिच्या कागदपत्रांत लिहिलं होतं. तेवढा एक खोटेपणा सोडला तर गाडी सरळमार्गी होती. अधिकाऱ्यांनी सव्वीस वर्षं कपाटं, पंखे, स्टेपलर आणि कुलपं यांच्या खरेदीवर सह्या केल्या होत्या. स्वतःला हवी म्हणून घेतलेली ही पहिलीच वस्तू. दर रविवारी सकाळी ते बायकोला घेऊन धरणापर्यंत जाऊन यायचे. बायको शाळेत भूमिती शिकवायची. चढावर टर्बोने जोर धरला की दोघांच्या पाठी सीटला चिकटायच्या आणि ती म्हणायची, "अहो, हळू!" या 'हळू'चा अर्थ हळू असा मुळीच नाही, हे लग्नाच्या चोविसाव्या वर्षी अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं आणि ते लाजले.

मग ते 'टर्बो परिवार' नावाच्या मोबाइल ग्रुपात सामील झाले आणि गाडीचा फोटो टाकला.

"काय काय केलंय?" चार मिनिटांत सोळा जणांनी विचारलं.

"आठवड्यातून एकदा धुतो," अधिकाऱ्यांनी कळवलं.

ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. शेवटी ग्रुपचे प्रमुख, ज्यांना सगळे बूस्टभाऊ म्हणत, त्यांनी लिहिलं, "काका, कंपनीतून आली तशी गाडी म्हणजे उकडलेला बटाटा. मीठ आपण घालायचं असतं!!!" बूस्टभाऊंची स्वतःची गाडी दोन वर्षं सुट्ट्या भागांच्या स्वरूपात होती, त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार कुणी नाकारत नसे.

अधिकाऱ्यांना त्या रात्री झोप आली नाही. आपण सव्वीस वर्षं सरकारी खुर्च्यांना हात बसवून घेतले आणि स्वतःची गाडी मात्र बिनमिठाची ठेवली, हे त्यांच्या जिवाला लागलं.

तरी ते पद्धत सोडणारे नव्हते. कोणत्याही खरेदीआधी तज्ज्ञाचं मत घ्यायचं, हा नियम. ते गॅरेजवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं आणि डॉक्टर छातीचे ठोके ऐकतात तसं मान तिरकी करून ऐकलं.

"हिला काही करू नका," बाई म्हणाल्या. "वेळेवर तेल, चांगले टायर. बाकी मजेत चालवा."

"हे लेखी द्याल का, ताई?"

"काय लेखी?"

"की काही करण्याची गरज नाही."

"न करण्याचं लेखी कोण देतं हो?"

लेखी नसल्यामुळे हे मत विचारात घेता आलं नाही. बूस्टभाऊंचं मत मात्र लेखी होतं, शिवाय त्यात तीन उद्गारचिन्हं होती.

अधिकाऱ्यांनी तुलनात्मक तक्ता केला. त्यात सर्वाधिक गुण मोकळ्या सायलेन्सरला मिळाले, कारण त्यामुळे इंजिनाला 'श्वास' मिळतो असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला, आणि त्याच हाताने सायलेन्सर बसवून दिला. गाडीचा आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरच्या निवृत्त आजोबांनी कपाटातली काचेची भांडी गादीवर ठेवायला सुरुवात केली. काढलेला जुना सायलेन्सर अधिकाऱ्यांनी घरी आणला. वापरातून काढलेली वस्तू मंजुरीशिवाय टाकता येत नाही. त्यांनी त्यावर 'निर्लेखन प्रलंबित' अशी चिठ्ठी चिकटवली आणि तो पलंगाखाली सरकवला.

आता इंजिन श्वास घेत होतं, पण ग्रुपच्या म्हणण्यानुसार त्याला श्वास घ्यायचा कसा हे ठाऊक नव्हतं. म्हणून त्याच्या संगणकात नवी आज्ञावली, म्हणजे ग्रुपच्या भाषेत बदलांची 'स्टेज एक', भरण्यात आली. त्यामुळे टर्बोचा दाब वाढला. दाब वाढला म्हणून हवा तापली. हवा तापली म्हणून ती थंड करायला समोर मोठा इंटरकूलर बसवावा लागला. एवढी ताकद जुन्या क्लचला पेलेना, म्हणून नवा क्लच आला. तो दाबायला एवढा जड की अधिकाऱ्यांचा डावा गुडघा सुजला आणि ते कार्यालयात एका बाजूला कलून चालू लागले. कलून चालणं हे ज्येष्ठतेचं लक्षण असावं असं समजून दोन कनिष्ठ लिपिकही तसेच चालू लागले.

मग ॲक्सिलरेटर सोडला की 'फुस्स' असा आवाज करणारा एक व्हॉल्व्ह बसवण्यात आला. त्याने गाडीचा वेग वाढत नव्हता, पण वेग कमी झाला हे सगळ्यांना कळत होतं.

"याचा उपयोग काय?" बायकोने विचारलं.

"प्रतिसाद सुधारतो."

"कुणाचा?"

अधिकाऱ्यांनी हा प्रश्न अभिलेखात घेतला नाही.

शेवटी बूस्टभाऊंनी तो प्रश्न उपस्थित केला, ज्याची प्रत्येक हौशी माणूस भीत भीत वाट पाहत असतो. वजन. ताकद एका मर्यादेपर्यंतच वाढवता येते, त्यापुढे वजन घटवावं लागतं. मागची सीट गेली. एसी गेला. गालिचा गेला. आणि एका संध्याकाळी अधिकारी हातात पाना घेऊन बायकोसमोर उभे राहिले.

"अगं, तुझी सीट..."

"म्हणजे तुम्ही मला वजा करताय?"

"तुला नाही गं. फक्त सीट. तिचंच वजन अठरा किलो आहे."

"आणि मी कशावर बसायचं?"

अधिकाऱ्यांनी यावर विचार केला नव्हता असं नाही. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

ती सीट दिवाणखान्यात आली. बायको त्यावर बसून उत्तरपत्रिका तपासू लागली. सीट आरामशीर होती, हीच तिची तक्रार होती. रविवारी सकाळी अधिकारी एकटेच धरणाकडे जायचे, उघड्या पत्र्यात, घामाने निथळत, कानात बोळे घालून. सुरुवातीला गाडी पूर्वीपेक्षा सव्वा सेकंद लवकर धरणावर पोचत असे. तिथे पोचल्यावर ते पाच मिनिटं पाण्याकडे बघायचे आणि परत यायचे. 'हळू' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ते आपोआपच हळू चालवू लागले होते. ही गोष्ट त्यांनी ग्रुपवर सांगितली नाही.

अशातच वाहन तपासणी कार्यालयाचं पत्र आलं. खालच्या आजोबांनी तक्रार केली होती. 'वाहनात बदल केले असल्यास परवानगीसाठी तपासणीस हजर राहावे.'

"गाडी आणलीय," अधिकारी खिडकीशी जाऊन म्हणाले. "बदल दाखवतो."

"बदल केलेली गाडी परवानगीशिवाय रस्त्यावर आणली?" निरीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा स्वतंत्र गुन्हा आहे. तपासणीला गाडी मूळ स्थितीत आणा."

"मूळ स्थितीत आणली तर तुम्ही काय तपासणार?"

"बदल."

दुसरा कुणी असता तर त्याने डोकं आपटून घेतलं असतं. अधिकारी मात्र भारावून गेले. एवढा निर्दोष नियम त्यांना स्वतःला सव्वीस वर्षांत सुचला नव्हता.

"आणि आसनक्षमता तपासायची असते," निरीक्षक म्हणाले. "शेजारी बसून दाखवायला माणूस आणा."

पलंगाखालून सायलेन्सर निघाला, माळ्यावरून क्लच निघाला, दिवाणखान्यातून सीट निघाली. गॅरेजवाल्या बाईंनी दोन दिवसांत सगळं होतं तसं करून दिलं. नव्या सुट्ट्या भागांचा ढीग त्यांनी जुन्या चादरीखाली झाकला.

तपासणीच्या मैदानाकडे जाताना एक चढ लागतो. टर्बोने जोर धरला. बायकोने दाराची मूठ पकडली.

"अहो, हळू!"

एसी लावलेला असूनही अधिकाऱ्यांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि "घाम" असं पुटपुटले.

निरीक्षकांनी गाडी आतून-बाहेरून तपासली, बायकोला दोनदा बसवलं, दोनदा उठवलं आणि शेरा मारला : 'कोणतेही बदल आढळले नाहीत. सबब बदलांस परवानगी देण्याचे कारण नाही. प्रकरण निकाली.'

परतताना पेट्रोल पंपापलीकडच्या मोकळ्या जागेत टर्बो परिवाराचा मासिक मेळावा भरला होता. गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. बहुतेक जणी टोइंगच्या ट्रकवरून आल्या होत्या. निळी गाडी आत आली आणि कुणीच वळून पाहिलं नाही, कारण तिचा आवाजच आला नाही. मग बूस्टभाऊंचं लक्ष गेलं.

"काका, ही चालत आली?" त्यांनी टोपी काढली. "आवाज नाही, धूर नाही, हादरे नाहीत. आणि वहिनी हसतायत! काय बसवलंय?"

अधिकाऱ्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण बायको आधी बोलली. चेहरा भूमितीच्या तासाला असतो तसा.

"स्टेज शून्य. सगळं जपानमधूनच बसवून आलंय."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मेळाव्यात एक आदरयुक्त कुजबुज पसरली. अधिकाऱ्यांची मान, जी आतापर्यंत लाजेने खाली होती, हळूहळू वर आली.

"यादी पाठवतो," ते म्हणाले.

गाडीच्या पुस्तिकेचं पहिलं पान त्यांनी ग्रुपवर टाकलं. आठवडाभरात स्टेज शून्यने धुमाकूळ घातला. लोकांनी मोकळे सायलेन्सर भंगारात दिले आणि वर्षभरापूर्वी भंगारात दिलेले जुने शोधायला भंगारवाल्यांचे पाय धरले. मूळ क्लचसाठी दोन जिवलग मित्रांत अबोला धरला गेला. कंपनीची सीट असलेल्या गाडीजवळ उभं राहून लोक फोटो काढू लागले. बूस्टभाऊंनी आपली गाडी दोन वर्षांनी प्रथमच जोडायला घेतली. 'मौलिकता प्रमाणीकरण समिती' स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी, प्रशासकीय अनुभव लक्षात घेऊन, खरेदी अधिकाऱ्यांची बिनविरोध निवड झाली. समिती दर रविवारी सकाळी बसते.

पहिल्या बैठकीच्या दिवशी बायकोने टेबलावरची किल्ली उचलली.

"कुठे निघालीस?"

"धरणावर."

"पण मला तर बैठक आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि गेली. आता ती एकटीच जाते. चढावर काय म्हणते, ते कुणाला माहीत नाही.

गॅरेजवाल्या बाईंनी 'मूळ स्थिती करून मिळेल' अशी पाटी लावली आहे. दारापासून सुरू झालेली रांग कोपरा वळून पुढे गेली आहे. ज्याला बाईंनीच 'काही करू नका' असं सांगितलं, तो माणूसही तीत उभा आहे, कारण ते त्याला लेखी मिळालेलं नाही. आता तर गाडी नसलेले लोकही येऊ लागले आहेत. कुणाच्या हातात धड चालणारा मोबाइल, कुणाच्या हातात धड चालणारं घड्याळ. रांगेतला प्रत्येक जण पुढच्याच्या खुळेपणाला हसतो आहे. तुम्हीही मघापासून हसताय. सहज एकदा मागे वळून बघा, कोण उभं आहे ते.