ओटीलीची कात

ओटीली कात टाकणार म्हणून जर्मनीतल्या कासेलच्या त्या फ्लॅटमध्ये आठवडाभर सगळे दबक्या आवाजात बोलत होते.

ओटीली म्हणजे डेटलेफची अजगरीण. मनगटाएवढी जाड, डोळ्यांवर दुधी साय आलेली. तिच्या काचेच्या पेटीत ऊब आणि दमटपणा काट्यावर ठेवलेला. हवा कोरडी पडली तर कात डोळ्यांवरच चिकटते आणि दृष्टी जाऊ शकते. डेटलेफ ऑफिसातून दर तासाला फोन करून आकडे विचारायचा. बायकोची, हाइकेची तब्येत त्याने लग्नानंतर एकदा विचारली होती.

अशात हाइकेची आई, म्हणजे डेटलेफच्या सासूबाई रोसविता, राहायला आल्या. ऐन जानेवारीत वाफेने धुरकटलेली काच दिसल्यावर, भर थंडीतही रोज घरातली हवा बदलणारी त्यांच्या पिढीची जर्मन बाई दुसरं काय करणार? त्यांनी समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडल्या.

संध्याकाळी डेटलेफ आला तेव्हा खोलीचा बर्फ झाला होता आणि पेटी रिकामी.

"आई, पेटीची काचपण उघडलीत?"

"मग? खोलीची हवा बदलायची आणि पेटीतली कुबट ठेवायची? बुरशी धरते बुरशी! अर्धवट कामं मला जमत नाहीत."

"अहो, आंधळी होईल ती!" डेटलेफ रडायच्या बेतात आला.

हाइकेने खिडक्या लावल्या, हीटर पूर्ण सोडले, घरातलं प्रत्येक पातेलं उकळत ठेवलं. वाफेने वॉलपेपरचा कोपरा सुटला. डेटलेफ तिला शोधत कपाटाखाली आडवा.

"ऊब असेल तिकडेच जाणार ना ती?" हाइके म्हणाली. "घरात सगळ्यात गरम काय आहे?"

दोघांनी एकदमच आरामखुर्चीकडे पाहिलं. आपणच आत घेतलेल्या वाऱ्याने गारठून सासूबाई शालीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन बसल्या होत्या. शाल हलत होती.

"आई, हलू नका," डेटलेफ म्हणाला.

"मी कुठे हलतेय? हीच हलतेय."

शालीच्या लोकरीवर नाक घासत ओटीली बाहेर आली. ओठांपाशी कात फाटली, उलटत मागे सरकली आणि आतून ओली, सोनेरी, नवी कोरी ओटीली निघू लागली. नवऱ्याच्या दफनविधीतसुद्धा बोलत राहिलेल्या सासूबाई गप्प झाल्या.

"डोळे बघ रे तिचे," बऱ्याच वेळाने त्या कुजबुजल्या. "काळेभोर!"

आणि अर्ध्यात कात अडली. बघण्याच्या नादात पातेली आटून गेली होती. हवा कोरडी पडत होती. डेटलेफने पेटीतला दमटपणा मोजायचा काटा सासूबाईंच्या ब्रोचमागे खोचला, फवाऱ्यात कोमट पाणी भरलं आणि चर्चमध्ये उभं राहावं तसं उभं राहून त्यांच्यावर हलकेच शिंपडू लागला.

"डावा खांदा राहिला," सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या.