कडेला पोचलेलं प्रथिन

सकाळी साडेनऊला मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ताई किंचाळलीच, "पोचलं! सर, पोचलं!"

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. चार वर्षं ती एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती. पेशीत प्रथिन तयार होतं, तिथेच त्याची नीट घडी बसते, पुढच्या टप्प्यावर त्याला साखरेची शेपटं जोडली जातात आणि चरबीच्या इवल्याशा पिशवीत बसून ते पेशीच्या कडेला जातं. हिच्या आजारी पेशींतल्या प्रथिनाची घडीच चुकलेली. ते पहिल्याच टप्प्यावर ठाण मांडून बसायचं. सतरा औषधं झाली, ढिम्म हललं नाही. ते दिसावं म्हणून तिने त्याला, आणि तुलनेसाठी निरोगी पेशींतल्या त्याच प्रथिनालाही, चमकता हिरवा रंग जोडला होता. आज अठराव्या औषधानंतर पेशींची कड हिरवीगार झाली होती!

सरांनी पाहिलं आणि चार वर्षांत पहिल्यांदाच "शाब्बास!" म्हणाले. त्यांनी थेट संचालकांना फोन लावला. ताईने आईला.

"आई, पोचलं!"

"कोण पोचलं?"

"अगं, प्रथिन!"

"बरं झालं बाई. आता तू कधी पोचतेस घरी?"

तेवढ्यात संचालक आलेच, सोबत औषध कंपनीचे दोन पाहुणे. "तुलनेला निरोगी पेशीही दाखवा," संचालक म्हणाले. ताईने 'निरोगी' लिहिलेली डिश लावली. हिरवा रंग मधेच गोळा होऊन बसला होता. निरोगी पेशीत असं होणं शक्यच नव्हतं. नावं तिने झाकणांवर लिहिली होती, आणि झाकणांची अदलाबदल झाली होती!

"काय झालं?"

"फोकस... फोकस होत नाहीये."

पाहुणे "पुढच्या महिन्यात करार करू" म्हणत गेले. त्यांच्यामागून संचालकही गेले. ताईला रडू कोसळलं. "सर, झाकणं बदलली. सकाळी दिसल्या त्या निरोगी पेशी. अठरावंही वाया गेलं. सगळी चूक माझी."

सरांनी दार लोटून घेतलं. "तुझी नाही गं. आठलाच आलो होतो मी. राहवेना, म्हणून दोन्ही डिश उघडून बघितल्या."

"आता संचालकांना कोण सांगणार?"

"दोघं जाऊ," सर म्हणाले. दारापाशी मात्र त्यांना खोकला आला. "तू हो पुढे. आलोच मी."

ताईने आत जाऊन सगळं सांगितलं. फक्त झाकणं कोणी बदलली, ते सांगितलं नाही. संचालकांनी टेबलावरची हजेरीवही ओढून आज सकाळी कोण कधी आलं ते वाचलं. मग म्हणाले, "पाहुण्यांना मी कळवतो. जा तुम्ही." त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर सरांच्या अक्षरात सूचना होती: 'विद्यार्थ्यांनी नाव झाकणावर नव्हे, डिशवर लिहावे. परवानगीशिवाय डिश उघडू नये.'

'विद्यार्थ्यांनी'च्या पुढे लाल शाईने खूण केलेली होती. वर संचालकांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सरांनीसुद्धा.'

ताईने ते दोनदा वाचलं आणि आत जाऊन एकोणिसाव्या औषधाची बाटली काढली.