बोनस आयरसला चार दिवस

बीडला नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या अण्णांना विचारलं, "भाजी मंडई जवळ आहे का?" त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "अकराशे चाळीस पावलं. पण तुमचं पाऊल बुटकं हाय, सर. तुमी तेराशे धरा."

अण्णा मूळचे चकलांब्याचे. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. निवृत्त झाले, पण मोजणी सुटली नाही. "जवळ", "लांब" हे शब्द त्यांना शिवीसारखे लागायचे. "लांब म्हंजे किती? आकडा बोला." काकू गेल्यापासून घरात एकटेच. संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहाला यायचे, तेही पावलं मोजत.

असेच एका संध्याकाळी बसले आणि म्हणाले, "सर, मी बोनस आयरसला चाललो. चार दिवस."

मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी निघालं. मग कळलं, ते अर्जेंटिनाच्या राजधानीबद्दल बोलत होते. तोवर अण्णांचा लांबातला लांब प्रवास म्हणजे नागपूर.

"तिथं कशाला, अण्णा?"

"रस्ते लई सरळ हाईत. सगळं शहर दोरी धरून आखल्यावानी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बाजेवर त्या शहराचा नकाशा पसरला. पट्टी लावून ते अंतरं काढायचे आणि बीडवर बसवायचे. बाग म्हणजे आपल्या दारापासून बसस्थानक. नदी म्हणजे थेट कलेक्टर कचेरीच्या पुढं. तिथला एक रस्ता इतका रुंद की ओलांडायलाच दोनशे पावलं. अण्णांना त्याचीच धास्ती. मग रोज सकाळी आम्ही मैदानावर. मी घड्याळ धरून "हिरवा!" म्हणायचं आणि अण्णांनी पिशवी काखेत मारून सुटायचं. मधेच मी "लाल!" म्हणालो की ते जागच्या जागी उभे. फिरायला आलेली माणसं आमच्याकडं बघून वाट बदलायची.

आपल्याकडं उन्हाळा तेव्हा तिकडं हिवाळा, हे कळल्यावर त्यांनी भर मे महिन्यात स्वेटर मागितलं. दुकानदारानं माळ्यावरून काढून दिलं आणि हळूच मला विचारलं, "तब्येत बरी हाय ना यांची?" अण्णा ते घालून अर्धा तास पंख्याखाली बसले. घामानं निथळत म्हणाले, "ऊब चांगली देतंय."

चार दिवसांची आखणी मी त्यांना वहीत उतरवून देत होतो. पहिला दिवस बाग, दुसरा दिवस नदी. लिहिता लिहिता लक्षात आलं, प्रत्येक वाट एकाच गल्लीतून निघत होती आणि तिथंच परत येत होती.

"हे हॉटेल का, अण्णा?"

ते नकाशाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मंजूचं घर हाय."

त्यांना मुलगी आहे, ती बाहेर असते, एवढंच मला माहीत होतं. पाच वर्षांच्या शेजारात नाव पहिल्यांदा ऐकलं. मंजू कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी तिकडं गेली त्याला सहा वर्षं झाली होती. रविवारी फोन व्हायचा. तिकडं पाऊस आहे का, इकडं ऊन आहे का. झालं, ठेवला.

"ल्हान असताना सुट्टीत माझ्यासंगं शिवारात यायची," अण्णा म्हणाले. "मोजणीची झेंडी धरून उभी राहायची. मी हाक मारीपर्यंत हलायची न्हाई. ऊन असू, काही असू."

"मग महिनाभर राहा की."

"चार दिवस कुणीबी कुणाला सोसतं, सर. पाचव्या दिवसाचा भरवसा न्हाई."

अण्णा गेले आणि ठरल्याप्रमाणं आले. मी वही घेऊनच गेलो. "बाग कशी होती?"

"न्हाई बगितली."

"नदी?"

"न्हाई. घरीच होतो. ती हापिसातून आली की पोळ्या करायची, मी बटाटे चिरायचो." त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडं बघितलं. "सर, ती गेली तवा मी मुंबईला सोडाया गेलो न्हवतो. एकुलती एक लेक इतक्या लांब चालली, याचा राग आलता मला. मोजणीची तारीख हाय म्हणून धारूरला गेलतो. तारीख पुढं ढकलता आली असती."

मी वही मिटली.

"परवा विमानतळावर ती सोडाया आली. मी म्हणलं, जा, उशीर व्हईल. म्हणली, 'अण्णा, त्या दिवशी मी शेवटपर्यंत दाराकडंच बघत होते.' तवा माझ्या तोंडून निघालं, 'चुकलो गं, मंजे.' एवढंच बोलाया गेलतो, सर. चार दिवस व्हटावर होतं, तिथं सुटलं."

"मग? मंजू काय म्हणाली?"

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"ल्हानपणी रुसवा गेला की ती बोलायची न्हाई. नुसती येऊन चिकटायची," ते म्हणाले. "तशीच."